जन्मदाखल्यावरचं तारुण्य

विज्ञानातले मोठे पुरस्कार जाहीर झाले की आमच्या नातेवाइकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बघा, चाळिशीच्या आत केवढं काम केलंय!" वाक्य कौतुकाचं असतं, आणि कौतुक मनापासूनचं असतं. २०२४ मध्ये जीवविज्ञानाचं इन्फोसिस पारितोषिक पुण्याच्या आयसरमधल्या सिद्धेश कामत यांना मिळालं, तेव्हा काका-मावश्यांनी मला विचारून विचारून 'लिपिड म्हणजे नक्की काय' हे समजून घेतलं. २०२५ मध्ये तेच पारितोषिक बंगळुरूच्या एनसीबीएसमधल्या अंजना बद्रिनारायणन यांना, डीएनएची मोडतोड पेशी कशी दुरुस्त करते या कामासाठी मिळालं. तेव्हाही तसंच. दोन्ही निवडी चांगल्या आहेत, आणि रेणवीय जीवशास्त्रासारख्या रूक्ष नावाच्या विषयाला चार लोकांच्या जेवणाच्या टेबलावर जागा मिळते याचा मला आनंदच आहे.

माझं भांडण त्या वाक्यातल्या 'चाळिशीच्या आत' या दोन शब्दांशी आहे. ज्यांना पुरस्कार मिळतात त्यांच्याशी ते नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर अर्धे वाचक इथेच 'जळतेय' म्हणून पान बंद करायचे.

तर झालं असं. इन्फोसिसचं हे पारितोषिक पूर्वी साधारण पन्नाशीपर्यंतच्या संशोधकांसाठी होतं. २०२४ मध्ये ती मर्यादा चाळीसवर आणली. हेतू सांगितला तो चांगलाच होता: उमेदीच्या काळात माणसाला बळ मिळावं. एक लाख अमेरिकन डॉलर, सुवर्णपदक, आणि त्याहून मोठं म्हणजे नाव. सरकारी बाजूला शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराची मर्यादा पंचेचाळीसची होती, आणि तो २०२४ पासून 'विज्ञान युवा' या नव्या रूपात दिला जातो तेव्हाही ती पंचेचाळीसच आहे. म्हणजे आपल्याकडे 'तरुण शास्त्रज्ञ' कोण हे ठरवायला एकच कागद लागतो, जन्मदाखला.

मला म्हणायचंय ते एवढंच की हा कागद चुकीचा आहे. संशोधक तरुण आहे की नाही हे त्याच्या जन्मापासून मोजायचं नसतं, त्याच्या लॅबच्या जन्मापासून मोजायचं असतं. आणि रेणवीय जीवशास्त्रात ही चूक बाकी विषयांपेक्षा जास्त महाग पडते. कशी, ते सांगते.

आधी सरळ हिशोब मांडू. मुलगी अठराव्या वर्षी बारावी झाली. एकविसाव्या वर्षी बीएस्सी, तेविसाव्या वर्षी एमएस्सी. नेट परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तर उत्तम, नाहीतर एखाद्या प्रकल्पावर सहाय्यक म्हणून वर्ष-दोन वर्षं. मग पीएचडी. आपल्याकडे जीवशास्त्रातली पीएचडी सहा वर्षांत झाली तर लोक पेढे मागतात. झाली तीस-एकतीस. मग पोस्टडॉक, बहुतेक परदेशात. चार-पाच वर्षं. पस्तीस-छत्तीस. मग नोकरीचे अर्ज, मुलाखती, नेमणुकीचं पत्र, रुजू होणं. सदतीस. आणि हे सगळं काहीही न अडखळता, कुणी आजारी न पडता, लग्न-मूल-बदली काही मध्ये न येता.

सदतिसाव्या वर्षी तिला काय मिळतं? एक रिकामी खोली.

ज्यांनी लॅब उभी राहताना पाहिलेली नाही त्यांना वाटतं की शास्त्रज्ञ रुजू झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रयोग सुरू. अहो, आधी उणे ऐंशीचा फ्रीझर लागतो. तो यायला टेंडर लागतं. टेंडरला तीन कोटेशन लागतात. फ्रीझर आला की लक्षात येतं की खोलीतल्या वायरिंगला तो झेपत नाही. पेशी वाढवायला कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर लागतो, आणि सिलिंडरवाला शनिवारी येत नाही. अँटिबॉडी परदेशातून ड्राय आइसमध्ये निघते आणि कस्टम्समध्ये बसते. ड्राय आइस मात्र कुणासाठी बसत नाही, तो उडून जातो. २०२० मध्ये सरकारने दोनशे कोटींच्या आतल्या खरेदीला जागतिक निविदा बंद केल्या, तेव्हा परदेशी उपकरणांवर अवलंबून असलेल्या लॅबची काय तारांबळ उडाली ते त्या लोकांना विचारा. २०२५ च्या जूनमध्ये संशोधन संस्थांना खरेदीच्या नियमांत मोठी सवलत मिळाली. बरं झालं. पण मधली पाच वर्षं ज्यांच्या लॅबची पहिली पाच वर्षं होती, त्यांच्या जन्मतारखेला कुणी सवलत दिली?

मग पहिला विद्यार्थी येतो. त्याला पिपेट धरायला शिकवण्यापासून सुरुवात. पहिला स्वतःच्या लॅबचा, स्वतःच्या कल्पनेचा पेपर बाहेर पडतो तेव्हा बाईंचं वय एक्केचाळीस-बेचाळीस. पारितोषिकाची मर्यादा? चाळीस. म्हणजे नेहमीच्या रस्त्याने, सरळ चालत आलेला माणूससुद्धा या दारापाशी पोचतो तेव्हा दार बंद झालेलं असतं. आत कोण पोचतं? ज्याला कमी वयात, चांगल्या पैशाच्या लॅबमध्ये, न अडखळता पुढे जाता आलं तो. तो हुशार नसतो असं मी म्हणत नाही. हुशार असतोच. पण आपण पुरस्कार त्याच्या हुशारीला दिला की रस्त्याला, हे आपल्याला सांगता येत नाही. माझा आक्षेप तो आहे.

आता या विषयाची स्वतःची एक गंमत. इथे घड्याळ शास्त्रज्ञाच्या हातात नसतं, ज्या जिवावर तो काम करतो त्याच्या हातात असतं. ई. कोलाय हा जिवाणू चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. यीस्टला दीड तास पुरतो. संध्याकाळी पेरा, सकाळी मोजा. उंदीर? तीन आठवड्यांची गर्भावस्था, मग सहा ते आठ आठवडे वयात यायला. म्हणजे एक पिढी जवळजवळ तीन महिन्यांची. त्यात एखादं जनुक बंद केलेला उंदीर हवा, तोही दोन्ही प्रतींत बंद, तोही फक्त मेंदूच्या एका भागात बंद, तर पिढ्यांमागून पिढ्या जुळवत बसा. नुसते हवे ते उंदीर तयार व्हायला एक-दोन वर्षं सहज जातात. प्रयोग त्यानंतर सुरू होतो.

एकाच पट्टीने जिवाणूवाला आणि उंदीरवाला मोजायचे म्हणजे आळू आणि आंबा एकाच हंगामात काढायला सांगण्यासारखं आहे. आळूला नावं ठेवत नाहीये हो, जिवाणूंवरच्या कामाने अख्खं रेणवीय जीवशास्त्र उभं राहिलं आहे. पण आंबा लावणाऱ्याला 'तुला अजून फळ कसं नाही' म्हणून बाद ठरवू नका.

मुंबईचंच उदाहरण घ्या. टीआयएफआरमधल्या शुभा तोळे. १९६७ चा जन्म. १९९९ मध्ये त्या टीआयएफआरमध्ये रुजू झाल्या, उंदराच्या मेंदूची घडण कशी होते यावर काम सुरू केलं. मेंदूच्या बाह्यकाला 'तू बाह्यक हो' असं सांगणाऱ्या जनुकावरचा त्यांच्या लॅबचा गाजलेला पेपर 'सायन्स'मध्ये आला तो २००८ च्या जानेवारीत. लॅब सुरू झाल्यापासून नऊ वर्षांनी. भटनागर पुरस्कार मिळाला २०१० मध्ये, वय त्रेचाळीस. इन्फोसिस पारितोषिक २०१४ मध्ये, वय सत्तेचाळीस. आज लागू असलेली चाळिशीची पट्टी तेव्हा लावली असती तर इन्फोसिसच्या यादीत त्यांचं नाव आलंच नसतं. आणि ज्या पारितोषिकाला आपल्या जुन्या यादीतलं इतकं चांगलं नाव आज बसवता येत नाही, त्याने आपली पट्टी एकदा तपासून पाहायला नको का?

जगाच्या इतिहासातही हेच दिसतं. रेणवीय जीवशास्त्राची जन्मतारीख म्हणून लोक एप्रिल १९५३ सांगतात, डीएनएच्या दुहेरी गोफाचा शोध. 'बघा, वॉटसन पंचवीस वर्षांचा होता' हे वाक्य तर प्रत्येक विज्ञान-प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात असतं. वॉटसन पंचवीसचा होता, खरं आहे. पण शेजारी क्रिक बसला होता. तो छत्तीस वर्षांचा होता, आणि त्याच्याकडे अजून पीएचडीसुद्धा नव्हती. ती त्याला १९५४ मध्ये मिळाली. का? कारण मध्ये दुसरं महायुद्ध आलं. लंडनमध्ये त्याचं पीएचडीचं उपकरण बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं, आणि युद्धाची वर्षं त्याने ब्रिटिश नौदलासाठी पाणसुरुंगांवर काम करण्यात घालवली. नंतर भौतिकशास्त्र सोडून तो जीवशास्त्राकडे वळला आणि नव्याने सुरुवात केली.

आता सांगा, त्या खोलीतला 'तरुण संशोधक' कोण? जन्मदाखला म्हणतो वॉटसन. पण वॉटसनकडे १९५० पासून डॉक्टरेट होती, आणि क्रिक अजून विद्यार्थी होता. संशोधनाच्या वयाने क्रिक धाकटा होता. पस्तिशीच्या आतल्यांना पदक द्यायचं असं त्या वर्षी कुणी ठरवलं असतं, तर एकाच शोधातल्या एकाला पदक मिळालं असतं आणि दुसऱ्याला 'तुमचं वय झालं' असं पत्र.

क्रिकची वर्षं युद्धाने खाल्ली. आपल्याकडे वर्षं खाणारी युद्धं वेगळी असतात, इतकंच. घरातली पहिली पदवीधर मुलगी, तालुक्याच्या कॉलेजातलं बीएस्सी जिथे पीसीआरचं यंत्र पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेलं, घर चालवण्यासाठी मध्ये केलेली नोकरी, सासू-सासऱ्यांची आजारपणं. त्यांची नोंद कुठल्याच अर्जात नसते.

मग हा चाळीसचा आकडा आला कुठून? सगळ्यांत प्रसिद्ध चाळीस म्हणजे गणितातलं फील्ड्स पदक. १९३६ पासून दिलं जातं, चाळिशीच्या आतल्यांना. गणितात त्याला काही अर्थ असेल. कागद, पेन्सिल आणि डोकं, टेंडर काही नाही. आणि तिथेसुद्धा पट्टी कशी चुकते ते अँड्र्यू वाइल्सने दाखवलं. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची त्याची सिद्धता १९९४ मध्ये पक्की झाली तेव्हा तो एक्केचाळीसचा होता. पदक हुकलं, शेवटी १९९८ मध्ये त्याला चांदीचा खास फलक देऊन वेळ मारून न्यावी लागली. गणिताला पुरी न पडलेली पट्टी आपण उणे ऐंशीच्या फ्रीझरवाल्यांना लावतोय.

आणखी दोन माणसं सांगते, दोन्ही नोबेलवाली, दोन्ही या विषयातली.

पहिली कातालिन कारिको. हंगेरीतून १९८५ मध्ये अमेरिकेत गेली. एमआरएनएचा औषधासाठी उपयोग होईल या एका कल्पनेला चिकटून राहिली. ग्रँट मिळेनात. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तिला खालच्या पदावर ढकललं. ड्र्यू वाइसमनबरोबरचा तिचा निर्णायक पेपर आला २००५ मध्ये, तेव्हा ती पन्नास वर्षांची होती. तिच्या कामावर उभी राहिलेली लस २०२१ मध्ये जगभर टोचली गेली. २०२३ मध्ये नोबेल. चाळिसाव्या वर्षी कारिकोला काय मिळालं होतं? पदावनती. कुठल्याही 'तरुण' पुरस्काराच्या यादीत ती नसती.

दुसरा व्हिक्टर अँब्रोस. सूक्ष्म-आरएनए म्हणजे मायक्रोआरएनए शोधणारा. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका किड्यात त्याला तो सापडला. पेपर छापून आला ३ डिसेंबर १९९३ ला. त्याचा जन्म १ डिसेंबर १९५३ चा. म्हणजे चाळीस पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. त्याआधीच हार्वर्डने त्याला कायम करायचं नाकारलं होतं. आणि पेपर आल्यावरही जग काही धावत आलं नाही. 'किड्यातली एक विचित्र गोष्ट' म्हणून लोक पुढे गेले. २००० मध्ये गॅरी रुव्हकुनच्या लॅबने दाखवलं की असाच दुसरा एक रेणू माणसासकट कितीतरी प्राण्यांत आहे, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. नोबेल दोघांना २०२४ मध्ये. या विषयात काम करायलाच नव्हे, ते काम मोठं आहे हे कळायलाही वेळ लागतो, तो असा. चाळिशीची अट दोन्ही बाजूंनी कापते. कामाला वेळ देत नाही, आणि कामाची किंमत कळायलाही वेळ देत नाही.

आता बायकांकडे येते. (हो, येणारच होते.)

भटनागर पुरस्काराची २०२१ ची यादी घ्या. अकरा नावं. २०२२ ची यादी घ्या, जी लटकत लटकत २०२३ च्या सप्टेंबरात जाहीर झाली. बारा नावं. दोन याद्या, तेवीस माणसं, सगळे पुरुष. २०२४ मध्ये 'विज्ञान युवा'च्या यादीत भोपाळच्या आयसरमधल्या राधाकृष्णन महालक्ष्मी जीवविज्ञानात आल्या. बरं वाटलं. पण एका यादीने बरं वाटून घ्यायची सवय लागली की पुढच्या यादीकडे कुणी बघत नाही.

जीवशास्त्रात मुली नसतात असं कुणी म्हणू शकत नाही. एमएस्सीच्या वर्गात जाऊन बघा, पीएचडीच्या लॅबमध्ये जाऊन बघा, मुलीच जास्त दिसतील. मग त्या पुढे कुठे जातात? मूल होण्याची वर्षं आणि लॅब उभी करण्याची वर्षं ही नेमकी एकच वर्षं आहेत. हे काही गुपित नाही, माझ्या आजीलाही कळलं असतं. त्याच वर्षांवर पट्टी आणून ठेवायची आणि मग यादीत बायका नाहीत म्हणून परिसंवाद भरवायचे, हा कुठला न्याय?

आपल्या कमल रणदिवे यांचं चरित्र बघा. जन्म १९१७, पुण्याचा. लग्न १९३९ मध्ये. पीएचडी १९४९ मध्ये, म्हणजे तिशी ओलांडल्यावर. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन ऊतिसंवर्धन शिकणं, परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी करणं. भारतातल्या पेशीजीवशास्त्राची एक भिंत या बाईंनी बांधली आहे. चाळिशीच्या पट्टीने त्यांच्या पीएचडीनंतर जेमतेम आठ वर्षं उरली असती.

माझी एक मैत्रीण आहे. नाव सांगत नाही, संस्थाही सांगत नाही. तिला रुजू होताना 'सहा महिन्यांत अॅनिमल हाउस तयार होईल' असं सांगितलं होतं. दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत तिने दुसऱ्याच्या लॅबच्या कोपऱ्यात, दुसऱ्यांचे उंदीर मागून काम केलं. मध्ये एक मूल झालं. पहिला मोठा पेपर पाठवला, तर तपासनिसांनी आणखी एक प्रयोग मागितला. प्रयोग रास्त होता, पण त्याला उंदरांच्या दोन पिढ्या लागणार होत्या. पेपर छापून आल्यावर विभागप्रमुखांनी उत्साहाने तिचं नाव एका पुरस्कारासाठी सुचवायचं ठरवलं. सगळी कागदपत्रं काढली आणि जन्मतारीख विचारली. तिने सांगितली. "अरेरे," ते म्हणाले, आणि फाइल मिटली. तिने मला हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. तिची लॅब तेव्हा पाच वर्षांची होती. पाच वर्षांचं मूल म्हातारं झालं म्हणून कुणी शाळेतून काढतं का?

आता आक्षेप. आमच्या काकांनी मला ते आधीच ऐकवले आहेत, तेव्हा क्रमाने घेते.

पहिला: "अगं, कुठेतरी रेघ मारायलाच हवी." मारा की. रेघ नको असं मी कुठे म्हणते? रेघ मारण्याची जागा बदला. युरोपियन रिसर्च कौन्सिल आपल्या सुरुवातीच्या संशोधकांची ग्रँट जन्मापासून नव्हे, पीएचडीपासून वर्षं मोजून देते, आणि आई झालेल्या संशोधिकेला प्रत्येक मुलामागे दीड वर्ष वाढवून देते. मागावं लागत नाही, समजावून सांगावं लागत नाही, नियमच आहे. रेणवीय जीवशास्त्राची युरोपातली संघटना एम्बो आपल्या तरुण संशोधकांची निवड करताना स्वतःची लॅब सुरू होऊन किती वर्षं झाली ते पाहते. भारत २०१६ पासून एम्बोचा सहयोगी सदस्य आहे, तेव्हा ही पट्टी आपल्याला माहीत नाही असंही नाही. आणि परदेशात कशाला जायचं? आपल्याच जैवतंत्रज्ञान विभागाने वेलकम ट्रस्टबरोबर २००८ मध्ये उभी केलेली इंडिया अलायन्स आहे. तिच्या फेलोशिपना वयाची अट नाही, पीएचडीनंतरच्या कामाची वर्षं बघतात. म्हणजे पैसे देताना आपल्याला नीट मोजता येतं. पदक देतानाच काय होतं?

दुसरा: "पुरस्काराने असा काय फरक पडतो? खरा शास्त्रज्ञ पुरस्कारासाठी काम करत नाही." हे वाक्य सहसा ज्यांना पुरस्कार मिळालेला असतो तेच म्हणतात. पुरस्कार मिळाला की चांगले विद्यार्थी त्या लॅबकडे वळतात, पुढची ग्रँट सोपी जाते, समित्यांवर नाव लागतं, आणि त्या समित्या पुढचे पुरस्कार ठरवतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९६८ मध्ये याला 'मॅथ्यू परिणाम' म्हटलं, ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं. आपल्याकडे त्याआधीपासून म्हणतात, ज्याच्या हाती ससा तो पारधी. आणि आता तर पुरस्कारही कमी झालेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने विज्ञानातले बहुतेक जुने पुरस्कार गुंडाळायचं ठरवलं. त्यातले काही गुंडाळण्याच्या लायकीचे होतेही. पण दारं कमी झाली की उरलेल्या दाराची उंची जास्त नीट मोजायला हवी. त्या गोंधळात २०२३ या वर्षाची भटनागर यादी झालीच नाही. सरकारची फाइल थांबली, पण पंचेचाळिशीकडे चाललेल्या माणसाचं वय काही थांबलं नाही.

तिसरा: "वयाची अट काढली तर म्हातारेच सगळं घेऊन जातील." हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी अट काढा म्हणत नाही. ज्येष्ठांसाठी वेगळे सन्मान आहेतच. २०२४ चं पहिलं विज्ञान रत्न जी. पद्मनाभन यांना मिळालं, २०२५ चं आपल्या जयंत नारळीकरांना, मरणोत्तर. तरुणांचा पुरस्कार तरुणांनाच मिळू दे. फक्त तरुण म्हणजे ज्याने नुकतं स्वतःचं शेत करायला घेतलंय तो, हे ठरवा. त्याच्या मिशीचा रंग बघू नका.

या सगळ्यात नुकसान फक्त चार-दोन माणसांचं होतं असं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट. पट्टी माणसं निवडते तशी ती प्रश्नही निवडते. चाळिशीच्या आत काहीतरी दाखवायचंय हे डोक्यात असलेला हुशार मुलगा लॅब सुरू करताना कुठला प्रश्न घेईल? जो पोस्टडॉकच्या काळात अर्धा झालाय तो. ज्याचं यंत्र आधीच आहे तो. ज्याचं उत्तर दोन वर्षांत छापता येईल तो. दहा वर्षं लागतील असा, आपल्या देशातल्या एखाद्या पिकाचा, एखाद्या दुर्लक्षित रोगाचा, आजवर कुणी हात न लावलेल्या प्राण्याचा प्रश्न तो घेणार नाही. त्याला दोष देता येत नाही, त्याच्यासमोर घड्याळ तुम्हीच टांगलंय. मग दहा वर्षांनी आपणच विचारतो, भारतात मूलभूत काम का होत नाही?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. एक, वर्षं मोजायची ती स्वतंत्र लॅब सुरू झाल्या तारखेपासून मोजा. आठ म्हणा, दहा म्हणा, पण तिथून. दोन, बाळंतपण, आजारपण, घरातल्या माणसाची शुश्रूषा यांची वर्षं अर्जदाराने गयावया न करता आपोआप वाढवून द्या, बाईला आणि पुरुषालाही. तीन, दर वर्षी यादीबरोबर एवढं छापा: किती नावं सुचवली गेली, त्यात बायका किती, आणि निवडलेल्यांची लॅब तेव्हा किती वर्षांची होती. यात गुप्त ठेवण्यासारखं काहीच नाही. नावं नका सांगू, आकडे सांगा. शास्त्रज्ञांच्या पुरस्काराला आकडे मागणं हे काही जगावेगळं मागणं नाही.

यातल्या एकाही गोष्टीला जास्तीचा पैसा लागत नाही. पदक तेवढंच, रक्कम तेवढीच, समारंभातला हारही तोच. लागतं ते एवढंच की अर्जातला जन्मतारखेचा रकाना खोडून तिथे दुसरा प्रश्न लिहायचा, 'तुमची लॅब कधी सुरू झाली?'

काका, पुढच्या यादीच्या वेळी तुम्ही मला फोन कराल तेव्हा पोराचं किंवा पोरीचं वय सांगू नका. लॅबचं वय सांगा. मग आपण मिळून कौतुक करू.